आडोशाचे स्वामित्व

मुंबईहून निघालेला आग्र्याचा रस्ता कसाऱ्याचा थळ घाट चढून आणि इगतपुरी मागे टाकून ज्या ठिकाणी नाशिकच्या सपाटीस लागतो, त्या ठिकाणी घोटी हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. तालुक्याचा भात येथील गिरण्यांत भरडला जातो. सिन्नरमार्गे शिर्डीस जाणारा रस्ता येथूनच फुटतो आणि कळसूबाई-भंडारदऱ्याकडे वळणाराही येथूनच. मुंबईहून शिर्डीस पायी निघालेल्या पालख्या या गावावरून जातात आणि त्यांना जवळजवळ घासून मालमोटारी जातात. त्यात समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरांचा टप्पा २६ मे २०२३ रोजी, भरवीर ते इगतपुरी हा २५ किलोमीटरांचा टप्पा ४ मार्च २०२४ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या एका हमरस्त्यावर नांदलेला हा परिसर दोन महामार्गांच्या मध्ये आला. अशा गावाला रस्त्यावरील अपघात हा अपवाद राहत नाही. त्याचा एक शिरस्ता होऊन बसतो.

या शिरस्त्याचा क्रम महामार्गाकाठच्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आवाज झाला की प्रथम धावतात ती शेतातली, टपरीवरची, ढाब्यावरची माणसे; पहार, दोरखंड, पाण्याची कळशी, जे हाती लागेल ते घेऊन ती येतात, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा १०३३ या क्रमांकावर वर्दी दिल्यानंतर निघणारे महामार्ग प्राधिकरणाचे गस्ती वाहन पोचण्यापूर्वी अडकलेल्यांस बाहेर काढण्याचे काम बहुधा त्यांनीच हाती घेतलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा परोपकारी माणसांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून त्यांना दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून मुक्त केले, ते उचितच झाले. परंतु आपल्याकडे मदतीस धावणारा आणि बघ्या ही दोन निराळी माणसे असतातच असे नाही. पहिल्या दहा मिनिटांत ज्याने दार उचकटले, तोच पुढच्या अर्ध्या तासात, हातांना काम न उरल्यामुळे, खिशातून मोबाइल काढतो. समोरच्या मार्गिकेवरची वाहने मंदावतात, चालकांच्या माना वळतात आणि एका अपघाताच्या पोटी दुसरा अपघात जन्मास येण्याची भीती उत्पन्न होते. मग गर्दीतलीच एखादी वयस्क बाई अंगावरची शाल काढून देते किंवा एखाद्या मालमोटारीवरची ताडपत्री उतरविली जाते, आणि चौघे जण तिची टोके धरून, पाठ आत व तोंड बाहेर करून उभे राहतात. आपल्या देशात अपघातस्थळी आडोसा म्हणतात तो हाच.

हाच आडोसा वाहनावर कायमचा बसवावा, ही कल्पना कोणाही विचारी माणसास सुचण्यासारखी आहे. रुग्णवाहिकेच्या किंवा गस्ती वाहनाच्या छताच्या कडेस एक लांबट पेटी असावी, पेटीत गुंडाळलेले कापड असावे, कळ दाबताच दोन भुजा बाहेर पडून कापड जमिनीपर्यंत उलगडावे, आणि जखमीस बाहेर काढणे, त्याच्यावर प्रथमोपचार करणे, दुर्दैवाने मृत्यू घडला असल्यास मरणोत्तर पंचनामा करणे, ही सर्व कामे त्यामागे व्हावीत, इतकीच ती कल्पना. समजा, घोटीच्या एखाद्या वाहनबांधणी करणाऱ्या कारागिराने असे साधन खरोखरच तयार केले आणि त्याच्या पेटंटसाठी दरखास्त केली, तर त्या दरखास्तीचे काय होईल? हा प्रश्न वरकरणी लहान दिसतो; परंतु एखाद्या वस्तूची समाजाला असलेली गरज आणि त्या वस्तूवर एका माणसाचा मक्ता असण्याचे औचित्य, यांतील अंतर तो जितक्या स्पष्टपणे दाखवितो, तितके दुसरे क्वचितच काही दाखवील.

हिंदुस्थानात अशा मक्त्याची परंपरा १८५६ पासूनची आहे. त्या वर्षीच्या ३ मार्च रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या स्थापत्यविशारदाने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केलेली दरखास्त ही आपल्याकडील पहिली मानली जाते. ज्या कायद्याखाली ती झाली तो राणीची पूर्वसंमती न घेता केलेला म्हणून पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि १८५९ साली नव्याने करावा लागला, ही त्या काळच्या कारभाराची एक गंमत. १९११ चा कायदा दीर्घकाळ चालला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. आजचे परीक्षण त्याच कायद्याखाली, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, चालते.

घोटीच्या अर्जदारास मुंबईचे पेटंट कार्यालय लागू पडते. अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात ते आहे, आणि महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा ही राज्ये त्याच्या अधिकारक्षेत्रात मोडतात. व्यक्तिगत अर्जदारास दाखल करण्याचे शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये पडते. कारागिरास खरा खर्च पडतो तो विनिर्देश, म्हणजे शोधाचे कायदेशीर वर्णन, लिहून देणाऱ्या जाणकाराचा. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो; २०२४ च्या नियमांनुसार ३१ महिन्यांच्या आत परीक्षणाची विनंती करावी लागते, न केल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते; आणि परीक्षकाचा पहिला अहवाल निघाल्यापासून सहा महिन्यांत त्यातील हरकतींचे निरसन करावे लागते. सरकारी दफ्तरात अर्ज पडून राहण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना येथे मुदत अर्जदारावरही तितकीच चालते, याचे आश्चर्य वाटते.

परीक्षक प्रथम काय करतो? तो त्या वस्तूचे कूळ शोधतो. जगातील पेटंटे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या खणांत लावलेली असतात आणि आपला आडोसा त्यांतील एका खणात मावत नाही. वाहनाच्या आधाराने उभारायचे तंबू स्थापत्याच्या विभागात, ई०४एच १५/०६ या क्रमांकाखाली, नोंदलेले आहेत. रुग्णवाहिकेची रचना ए६१जी या वर्गात येते. रहदारी अडविण्याची साधने ई०१एफ मध्ये, तर वाहनाच्या इतर जोडण्या बी६०आर मध्ये. परीक्षकास या सर्व खणांतून हिंडावे लागते, आणि हिंडताना त्याला भेटतात ती निरनिराळ्या हेतूंनी जन्मलेली, परंतु एकमेकांची भावंडे शोभावीत अशी साधने: सहलीच्या गाडीच्या कडेला उलगडणारे छत, दुकानापुढचा गुंडाळता पडदा, इस्पितळातील खाटेभोवतीचा पडदा, मालमोटारीची सरकती ताडपत्री. शिवाय इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत महामार्ग-प्रशासनांनी अपघातस्थळी उभे करावयाचे पडदे यापूर्वीच वापरात आणलेले आहेत. ते बहुधा वाहनातून नेऊन हातांनी रोवायचे असतात, परंतु त्यांचा हेतू अगदी हाच आहे. जर्मनीने तर १ जानेवारी २०२१ पासून मृताची अप्रतिष्ठा करणारे छायाचित्र काढणे हा दंडनीय अपराध ठरविला, इतका त्या देशाला बघ्यांचा उपद्रव झाला.

कायद्याचे पहिले मोजमाप नवीनतेचे. जगात कोठेही प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात तुमच्या दाव्यातील सर्व अंगे एकत्र सापडली, तर दावा तेथेच संपतो. "अपघातस्थळ लोकांच्या दृष्टीआड करणारा, वाहनावर बसविलेला पडदा" एवढाच ज्याचा दावा असेल, त्याचा निभाव लागणे कठीण. चौघांनी टोके धरलेली शाल त्याच्या दाव्याला तंतोतंत छेद देत नाही, कारण ती वाहनावर बसविलेली नसते. परंतु दृष्टीआड करण्याचा हेतू नवा आहे असे म्हणण्याची सोय ती शाल ठेवीत नाही. विनोदबुद्धी असलेल्या परीक्षकाने अंतरपाटाचाही दाखला दिला, तर त्याला सर्वस्वी अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

दुसरे मोजमाप याहून अवघड, आणि बहुतेक यांत्रिक अर्ज तेथेच अडतात. शोधात ज्ञात गोष्टींच्या तुलनेने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असले पाहिजे, आणि त्या विषयात निष्णात असलेल्या माणसास तो सहज सुचण्यासारखा असता कामा नये, असे कायदा सांगतो. आणि कलम ३ च्या (एफ) या खंडात, ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली व प्रत्येक साधन आपापल्या जुन्या रीतीने स्वतंत्रपणे काम करीत राहिले, तर त्या मांडणीस शोध मानू नये, असे स्पष्ट बजावलेले आहे. या तत्त्वाचा सर्वांत मोठा भारतीय निवाडा भांड्यांच्या धंद्यातून आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने भांडी लेथवर फिरविताना ती धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट १९५१ च्या अर्जावर मिळविले होते. त्यामुळे काम जलद, सुरक्षित व अधिक सफाईदार होते असा त्यांचा दावा होता. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिपक्षाबरोबरचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ साली न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. ज्ञात अंगांची जुळणी केवळ सोयीची असून चालत नाही, तिच्यातून नवा परिणाम किंवा पूर्वीपेक्षा सरस वस्तू निष्पन्न झाली पाहिजे, आणि कारखान्यातील नित्याच्या सुधारणेहून अधिक असे काही शोधकाच्या बुद्धीने घातलेले असले पाहिजे, हे त्या निवाड्याचे सार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मोटारीच्या सरकत्या पेडलवर इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविण्याच्या, टेलिफ्लेक्स कंपनीच्या दाव्याचा निकाल याच दिशेने दिला.

येथे एक मार्मिक प्रश्न उपस्थित होतो. "निष्णात माणूस" म्हणजे आपल्या प्रकरणी कोण? तो शल्यविशारद नव्हे, पोलीस अधिकारीही नव्हे. ज्याने शेकडो मालमोटारींच्या पाठी बांधल्या, ज्याला ताडपत्रीच्या कडीला किती ताण सोसतो ते हाताने कळते, कमानीच्या कोणत्या जोडात धूळ बसून तो अडकतो हे ज्याने पाहिलेले आहे, असा बॉडीबिल्डर हाच तो निष्णात माणूस. म्हणजे घोटीच्या कारागिराचा दावा ज्या फूटपट्टीने मोजायचा, ती फूटपट्टी त्याच्याच शेजारच्या गाळ्यात काम करीत असते. गुंडाळता पडदा छतावर बसवावा, हे त्या शेजाऱ्यास सहज सुचेल. म्हणून तेवढ्यावर कोणासही वीस वर्षांची सनद देता येत नाही.

मग न सुचण्याजोगे काही उरते का? उरते, आणि ते वाऱ्यात उरते. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरून येणारा वारा त्याला आडवा झोडपतो. सहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच पडद्यावर ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा आदळला, तर त्याचा रेटा किमान ७५ किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होऊन ३०० किलोंच्या घरात जातो, आणि शेजारून भरधाव गेलेला कंटेनर जो झोत सोडतो तो निराळाच. एवढा भार दोन लांब भुजांच्या टोकाशी आला की बिजागरी पिळवटते, पडदा शिडासारखा फुगतो आणि ज्यांना झाकायचे त्यांच्याच अंगावर कोसळतो. कापडास भोके पाडावीत तर वारा निघून जातो, पण नजरही आत शिरते. कापड दाट ठेवावे तर नजर अडते, पण वाराही अडतो. शिवाय पडदा जमिनीपर्यंत हवा, पण रस्त्याचा उतार दोन्ही टोकांस सारखा नसतो. बाहेरून येणाऱ्या वाहनास तो रात्री ठळक दिसला पाहिजे, पण आत काम करणाऱ्यांची सावली त्यावर उमटता कामा नये. तो झटकन उभा राहिला पाहिजे, कारण मोकळे हात तेथे नसतात, आणि त्याहून झटकन गुंडाळला गेला पाहिजे, कारण जखमीस घेऊन निघालेली रुग्णवाहिका पडद्यासाठी खोळंबू शकत नाही.

या विरोधी मागण्यांचा मेळ घालणारी युक्ती हाच खरा शोध. ठरावीक ताणापलीकडे आपोआप सुटणारी व झोत ओसरताच पुन्हा धरणारी कळ, किंवा एकाची भोके दुसऱ्याच्या भरीव भागासमोर येतील अशा बेताने अंतर राखून लावलेले दोन जाळीदार थर, अशांसारखे काही कारागिराने साधले आणि विनिर्देशात ते इतक्या स्वच्छपणे लिहिले की दुसऱ्या कारागिरास वाचून तसेच करता येईल, तर परीक्षकापुढे उभा राहणारा दावा निराळा असतो. तेव्हा अंगे नुसती शेजारी बसलेली नसतात. एकाच्या कामाने दुसऱ्याचे काम बदललेले असते, आणि मिर्झापूरच्या निवाड्याची अपेक्षा नेमकी हीच आहे. चांगले परीक्षण दरखास्तदाराला या जागेपर्यंत ढकलत आणते. पहिल्या अहवालातील हरकतींपुढे त्याचा विस्तीर्ण दावा आक्रसत जातो आणि अखेर त्याने स्वतः घडविले तेवढेच त्याच्या पदरात राहते. बाकीचे सर्वांचे होते किंवा सर्वांचेच राहते.

परंतु येथे एक पेच आहे. असे साधन बंद गाळ्यात सिद्ध होत नाही. त्याची कसोटी उघड्या रस्त्यावर, वाऱ्यात आणि गर्दीतच लागायची. आणि आपल्या देशात जे अर्जापूर्वी उघडपणे वापरले गेले, ते नवीन उरत नाही. उत्साही कारागीर प्रथम दहा ठिकाणी पडदा लावून दाखवितो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, त्याचा सत्कार होतो आणि मग त्याला पेटंटची आठवण होते. तोवर त्याचीच कीर्ती त्याच्याविरुद्ध पुरावा झालेली असते. कायदा याबाबत अगदीच निष्ठुर नाही. कलम ३२ अन्वये, शोधाचे स्वरूपच असे असेल की उघड्यावर चाचणी घेणे वाजवी गरजेचे आहे, तर अग्रक्रमाच्या तारखेपूर्वीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी झालेला उघड वापर बाधक ठरत नाही. परंतु चाचणी आणि प्रदर्शन यांतील सीमा वादग्रस्त असते. त्यापेक्षा तात्पुरता विनिर्देश आधी दाखल करून तारीख पदरात पाडून घ्यावी आणि पुढील १२ महिन्यांत चाचण्या उरकून पूर्ण विनिर्देश द्यावा, ही कायद्याने मोकळी ठेवलेली वाट अधिक शहाणपणाची.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहिली पाहिजे. पेटंट कार्यालयाचे राजपत्र दर शुक्रवारी प्रसिद्ध होते, आणि प्रसिद्ध झालेल्या अर्जास सनद मिळण्यापूर्वी कोणीही मनुष्य कलम २५ खाली हरकत घेऊ शकतो. उद्या एखाद्या दूरच्या शहरातील संपन्न कंपनीने वाहनावरील पडद्यावर सरसकट हक्क सांगितला, तर ज्या कारागिराने पूर्वीच एखाद्या संस्थेच्या रुग्णवाहिकेस तसा पडदा बसवून दिला असेल, त्याचे तारीखवार बिल, छायाचित्र आणि प्रतिज्ञापत्र हे त्या दाव्यास उत्तर देऊ शकते. आपल्या कारागिरांत काम करण्याची हौस अमाप आणि कागद ठेवण्याची सवय नगण्य असते. या एका दोषामुळे त्यांचे जुने काम दुसऱ्याचे नवे होऊन परत येण्याचा धोका राहतो.

जर्मनीसारख्या देशांत लहान यांत्रिक सुधारणांसाठी पेटंटहून हलकी व कमी मुदतीची एक निराळी नोंदणी आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. येथे एकतर वीस वर्षांची सनद किंवा काहीच नाही. केवळ बाह्य आकार व रूप यांपुरते २००० च्या डिझाइन कायद्याखाली संरक्षण मिळू शकते, ते यंत्रणेला लागू होत नाही. या अभावाबद्दल हळहळ व्यक्त होते आणि ती अगदीच अस्थानी नाही. तथापि आडोशासारख्या वस्तूच्या बाबतीत मला तो अभाव इष्टापत्ती वाटतो. प्रत्येक कमानीवर आणि प्रत्येक कडीवर लहानसहान मक्ते बसले असते, तर तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णवाहिकेला पडदा लावताना कोणाकोणाची परवानगी घ्यावी, हेच ठरविण्यात तिचे आयुष्य गेले असते.

शिवाय पेटंट म्हणजे वापरण्याचा परवाना नव्हे. ती दुसऱ्यास मनाई करण्याची सत्ता आहे. सनद हाती असली, तरी नोंदणीच्या वेळच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, रुग्णवाहिकेस एआयएस-१२५ हे मानक लागू होते, आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या टेबलावर वीस वर्षांच्या सनदेचे वजन एखाद्या प्रशस्तिपत्राइतकेच भरते. याच्या उलट, पेटंट नाकारले गेले म्हणून ती वस्तू निरुपयोगी ठरत नाही. परीक्षकाने तिच्या गुणाविषयी काहीच म्हटलेले नसते. ती एकट्याची नाही, एवढेच त्याने ठरविलेले असते. नाकारलेल्या आणि वेळीच प्रसिद्ध झालेल्या अर्जातील आकृत्या व वर्णन सर्वांस खुले असते, आणि त्यावरून घोटीचा, सिन्नरचा किंवा शहापूरचा कोणताही कारागीर निःशंकपणे पडदा बांधू शकतो.

म्हणून ज्यांच्या हाती महामार्गांचा कारभार आहे, त्यांनी शोधकाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जखमी माणूस रस्त्यावर पडला म्हणून त्याची खासगी प्रतिष्ठा रस्त्याची होत नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मान्य केलेला खासगीपणाचा हक्क त्याच्यासोबत डांबरावरही असतो. पथकराच्या करारात गस्ती वाहन, क्रेन व रुग्णवाहिका ठेवणे ज्याप्रमाणे ठेकेदारावर बंधनकारक करता येते, त्याचप्रमाणे आडोसाही सामानाच्या यादीत घालता येईल. मात्र निविदा लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावे: अमुक बनावटीचा पडदा असे न लिहिता, इतक्या वेगाच्या वाऱ्यात टिकणारा, दोघांच्या हातांनी इतक्या वेळात उभा राहणारा व गुंडाळला जाणारा, रात्री इतक्या अंतरावरून दिसणारा, अशी कसोटी लिहावी. मग ज्याच्याजवळ सामान्य ज्ञानातून बांधलेला साधा पडदा आहे तोही उतरेल, आणि ज्याने वाऱ्याची कळ शोधून तिची सनद मिळविली आहे तोही उतरेल. सनदवाल्याचा पडदा घाटमाथ्यावर खरोखर सरस ठरला, तर त्याची किंमत त्याला मिळावी, आणि न ठरला तर केवळ कागदाच्या बळावर मिळू नये. परीक्षकाने आपल्या टेबलावर शोध आणि सोय यांत जो भेद केला, तोच भेद खरेदी करणाऱ्याने रस्त्यावर केला, तर त्या परीक्षणाचे श्रम सार्थकी लागतील.